वस्तूंचा ठावठिकाणा



फारसी लिपीत काफ, नून, दाल, हे, अलिफ आणि रे अशी सहा अक्षरे ओळीने लिहिली की एका गावाचे नाव तयार होते. हे नाव अफगाणिस्तानातील कंदाहारचे आहे, आणि नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीच्या काठी वसलेल्या आमच्या कंधारचेही हेच आहे. जुन्या फारसी कागदांत दोहोंच्या लेखनात कानामात्रेचाही फरक नाही. एक गाव हेलमंदच्या खोऱ्यालगतचे, दुसरे गोदावरीच्या खोऱ्यातले. मध्ये सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १,८०० किलोमीटरचे अंतर. आता अशी कल्पना करा की, एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात एक जुनी कट्यार आहे, तिच्या म्यानाला एक कागदाची चिठ्ठी बांधलेली आहे, आणि चिठ्ठीवर फक्त ही सहा अक्षरे आहेत. नोंदणी करणाऱ्या गृहस्थापुढे संगणकाचा पडदा आहे. पडद्यावर 'ठिकाण' असा रकाना आहे. त्यात त्याने काय लिहावे?

प्रश्न लहान दिसतो, परंतु आपल्या देशातील संग्रहालयांपुढे तो आज हजारो वस्तूंच्या बाबतीत उभा आहे. दोनअडीचशे वर्षांत जमलेल्या वस्तूंच्या दाखलनोंदवह्या आता संगणकात उतरविण्याचे काम चालू आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्यासाठी 'जतन' ह्या सार्थ नावाची एक व्यवस्था तयार केली, आणि केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय अशा मोठमोठ्या संस्थांत ती आणली. काम फार मोलाचे आहे. घरी बसून कोणालाही देशातील संग्रह पाहता यावा हा हेतू कोणाला आवडणार नाही? पण वहीतील शाईची नोंद संगणकात जाताना एक बारीकसा धोका संभवतो. वहीत माणूस 'बहुधा दक्षिणेतील असावी' असे समासात लिहू शकत होता. संगणकाला समास नसतो. त्याला रकाना भरून हवा असतो.

प्रथम आमच्या कंधारचेच उदाहरण थोडे विस्ताराने घेतो, कारण कल्पनेतील कट्यारीपेक्षा खरा इतिहास अधिक बोलका आहे.

शाहजहान बादशहाच्या कारकिर्दीत मोगलांनी दोन्ही कंधारे घेतली. आमचे कंधार निजामशाहीच्या ताब्यात होते. नसीरीखान नावाच्या सरदाराने त्याला वेढा घातला आणि १६३१ च्या मे महिन्यात किल्ला सर केला. पुढे सातच वर्षांनी, १६३८ साली, इराणच्या शहाचा सुभेदार अलीमर्दानखान ह्याने अफगाणिस्तानातील कंदाहार मोगलांच्या स्वाधीन केले. अकरा वर्षांनी, १६४९ मध्ये, इराणने ते परत घेतले आणि पुढील तीन मोहिमांतही मोगलांना ते मिळाले नाही. म्हणजे एकाच बादशहाच्या दरबारात, एकाच दशकात, एकाच नावाच्या दोन किल्ल्यांच्या विजयाच्या बातम्या पोचल्या. दोहोंची वर्णने झाली आणि दोहोंची चित्रेही निघाली.

ह्या चित्रांची आज काय स्थिती आहे ते पाहा. शाहजहानच्या पहिल्या दहा वर्षांचा वृत्तान्त सांगणाऱ्या 'पादशाहनामा' ह्या ग्रंथाची एक अप्रतिम सचित्र प्रत इंग्लंडात विंडसर येथील राजसंग्रहात आहे. अवधच्या नबाबाकडून ती १७९९ साली तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट म्हणून गेली. तिच्यात दौलताबादच्या वेढ्याचे चित्र आहे, आणि १६३१ च्या कंधारच्या वेढ्याचेही आहे. हे दुसरे चित्र पयाग ह्या नामांकित चित्रकाराचे मानतात. हे आमचे कंधार. इकडे पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आणखी एक मोगली चित्र आहे. त्याचा विषय १६३८ साली कंदाहार मोगलांच्या हवाली झाले तो प्रसंग. हे अफगाणिस्तानातील. चित्राच्या नावात युरोपीय भाषांतून दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच शब्द येतो. जाणकार मनुष्य वर्ष पाहील, सरदाराचे नाव पाहील आणि दोन्ही गावे वेगळी करील. परंतु नोंद करणाऱ्यापुढे नुसते नावच असले आणि त्याने पडद्यावरील यादीतून गाव निवडले, तर यादीत पहिले येणारे कंदाहार कोणते असेल हे सांगावयास नको. जगात ज्याचे नाव मोठे तेच गाव वर येते. आणि एकदा तसे झाले की, कंधारच्या शाळेतील एखाद्या मुलीने आपल्या गावच्या किल्ल्याचे साडेतीनशेपेक्षा अधिक वर्षांपूर्वीचे चित्र शोधू म्हटले तर ते तिला सापडणार नाही. ते अफगाणिस्तानच्या खात्यावर जमा झालेले असेल.

कोणी म्हणेल, जुन्या लेखकांनी काही खूण ठेवली असेलच. ठेवली होती. मोगल बखरकार आमच्या कंधारला 'तेलंगणातील' असे विशेषण लावतात, कारण त्या काळी मोगलांच्या दक्षिणेतील चार सुभ्यांपैकी एकाचे नाव तेलंगण होते आणि नांदेडचा मुलूख त्यात मोडत होता. तीनशे वर्षे हे विशेषण वाट दाखविण्याचे काम चोख करीत राहिले. मात्र २ जून २०१४ रोजी तेलंगण नावाचे नवे राज्य स्थापन झाले. आता तेच शब्द वाचून कोणी कंधार शोधू लागला तर तो आदिलाबाद, निजामाबादच्या नकाशात हिंडत बसेल. ज्या शब्दाने एकेकाळी शंका फेडली त्याच शब्दाने आज नवी शंका उत्पन्न होते. दोष लिहिणाऱ्याचा नाही, भूगोल त्याच्या पायाखालून सरकला.

तिसरेही कंधार आहे. इब्न बतूता हा प्रवासी १३४२ च्या सुमारास खंबायतेहून निघून जहाजावर चढण्यापूर्वी 'कंदाहार' नावाच्या बंदरात आला असे लिहितो. हे बंदर म्हणजे गुजराथेत भडोच जिल्ह्यातील गंधार, असे विद्वान मानतात. आणि मौज अशी की चौथे कंधार हे गावच नव्हे, तो राजा आहे! देवगिरीच्या यादव कुळातील कृष्ण राजाचे नाव लेखांतून कन्हर, कन्नर, कंधार अशा नाना रूपांनी येते. राष्ट्रकूट वंशातही कृष्ण नावाचे तीन राजे झाले. तेव्हा जुन्या ताम्रपटात वा नाण्यावर 'कंधार' दिसले तर ते नाव गावाचे की माणसाचे, हे प्रथम ठरवावे लागते. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण ह्याचा शिलालेख कंधारास मिळाला, त्यात जगत्तुंगसमुद्राचा उल्लेख आहे, आणि तो तलाव आजही तेथे आहे. असे जेथे घडते तेथे शंकेला जागाच उरत नाही. कंधारच्या प्रचंड क्षेत्रपालाच्या भग्न अवशेषांचीही चिंता नाही, कारण एवढ्या अवाढव्य शिळा उचलून कोण नेणार? ठावठिकाणा हरवतो तो खिशात मावणाऱ्या वस्तूंचा: नाणी, मणी, मुद्रा, हस्तिदंती बाहुल्या, पोथ्या, कट्यारी.

हस्तिदंती बाहुलीवरून आठवले. ह्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कोडे आपल्या मराठवाड्याशीच निगडित आहे, आणि ते समजून घेतले म्हणजे 'ठिकाण' हा एक रकाना का पुरत नाही ते आपोआप ध्यानात येते.

इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली अमेदेओ मायुरी ह्या पुराणवस्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तेथे खणत असता एका घरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंस दोन दासी. मूर्ती भारतीय आहे हे पाहताक्षणीच कळले, आणि लक्ष्मी म्हणून तिची प्रसिद्धी झाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे ही लक्ष्मी नसून यक्षी किंवा सामान्य स्त्री असावी असे मत पडले. तो वाद येथे नको.

आपला प्रश्न एवढाच की, ही मूर्ती कोठची? आरंभी मथुरेकडे बोट दाखविण्यात आले. मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतील खूण आहे, आणि ही लिपी वायव्येकडची. तेव्हा काहींची नजर गंधार देशाकडे व अफगाणिस्तानातील बेग्राम येथे सापडलेल्या हस्तिदंती कामाकडे वळली. नंतर आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने १९७३ साली उत्खनन झाले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहूत येथील दात्यांच्या लेखांत त्याचे नाव आहे. त्या उत्खननात पाँपेईच्या मूर्तीशी जवळचे साम्य असलेला हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. तेर येथेही ह्याच घाटाची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळालेली आहे. तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांचे तगर. तेथील माल भडोचच्या बंदरात उतरे आणि पुढे समुद्रमार्गे रोमन साम्राज्यात जाई. त्यामुळे पाँपेईची ती स्त्री मराठवाड्यातून गेली असावी, असे मत मांडले गेले व पुष्कळांना ते पटले. माझेही मन तिकडे ओढते. पण मन गावाच्या अभिमानाने ओढते की पुराव्याने, हे ज्याचे त्याने तपासावे. खरोष्ठीच्या खुणेचा उलगडा झाल्यावाचून 'भोकरदन' असे निश्चयाने लिहिता येणार नाही.

आता नेपल्सच्या नोंदवहीत एकच रकाना असेल तर काय भरावे? 'पाँपेई' लिहिले तर मूर्ती इटलीची ठरते. 'भोकरदन' लिहिले तर अनुमान सिद्ध झाल्यासारखे दिसते. 'भारत' लिहिले तर ती सापडली कोठे, हे निश्चित ज्ञान पुसले जाते. म्हणून रकाने वेगळे हवेत. वस्तू कोठे घडली, कोठे वापरली गेली, कोठे सापडली, आणि संग्रहालयाने ती कोठून मिळविली, हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. पाँपेईच्या मूर्तीबाबत सापडण्याचे ठिकाण घरापर्यंत निश्चित आहे आणि घडविण्याचे ठिकाण तीन प्रांतांत डळमळते आहे. आपल्याकडच्या संग्रहांत बहुधा ह्याच्या उलट असते. शैलीवरून वस्तू कोणत्या मुलखात घडली ते सांगता येते, पण ती कोणत्या शेतातून, कोणत्या विहिरीतून निघाली ते कोणालाच ठाऊक नसते.

तेर आणि भोकरदन ह्यांच्यातील फरक येथे पाहण्यासारखा आहे. भोकरदनचा तुकडा उत्खननात मिळाला. म्हणजे कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, ही माहिती त्याच्याबरोबर आली. तेरच्या वस्तूंची हकीकत वेगळी. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावात व पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचून गोळा केल्या. पावसाळ्यात मातीचे ढेकूळ फुटले की मणी दिसे. एखादा पोर वा शेतकरी तो उचलून त्यांच्याकडे आणून देई. त्यांच्या ह्या छंदामुळे तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले; एरवी ह्या साऱ्या वस्तू केव्हाच विखुरल्या असत्या. अशा वस्तूंना 'तेर' ही नोंद पुरेशी खरी आहे, पण त्यापुढे थराची बारकाई मागणे हा त्या वस्तूंवर अन्याय होईल. जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे.

कधीकधी सापडणारा मनुष्य मुद्दामच खोटे ठिकाण सांगतो. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा असा आहे की, जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते कलेक्टरला कळवावे. साहजिकच नाणी स्वतःच्या शेतात सापडली असली तरी 'बाजारात घेतली', 'पलीकडच्या गावाहून आली' असे सांगण्याकडे कल होतो. सराफाच्या दुकानातून संग्रहालयात आलेल्या नाण्यांना म्हणूनच 'मिळविल्याचे ठिकाण' असते, 'सापडल्याचे ठिकाण' नसते. पुष्कळ जुन्या वह्यांत ह्या दोहोंची सरमिसळ झालेली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या नोंदींतही 'सापडली अथवा मिळविली' असा जोड रकाना असतो. तो मला प्रामाणिक वाटतो. दोहोंपैकी काय, हे जेथे ठाऊकच नाही तेथे जोड शब्द वापरणे बरे.

दुसरी अडचण जिल्ह्यांची आहे, आणि ती मराठवाड्याइतकी दुसरीकडे क्वचितच असेल. निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तु खाते काढले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि पुढे १९४८ पर्यंत ह्या मुलखातील पुराणवस्तूंची व्यवस्था हैदराबादेहूनच पाहिली जाई. त्या काळच्या चिठ्ठीवर 'जिल्हा बिदर' असे लिहिलेले असले तर वस्तू कर्नाटकाची समजावी काय? मुळीच नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठवाड्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तेथे गेले. आता उस्मानाबादचेही नाव धाराशिव झाले. म्हणजे निलंग्याच्या एकाच देवळातील एकाच दगडाचे जिल्हे सत्तर वर्षांत तीन झाले, आणि दगड मात्र जागचा हालला नाही. जुना शब्द काढून टाकून त्या जागी नवा घालणे हा त्यावर उपाय नव्हे. कारण 'जिल्हा बिदर' ह्या शब्दांवरूनच चिठ्ठी १९५६ पूर्वीची असावी हे आपल्याला कळते. जुने शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत, शेजारी आजचे गाव, तालुका, जिल्हा लिहावा. जीवशास्त्राच्या संग्रहालयांनी, म्हणजे जेथे पक्षी, फुलपाखरे, वनस्पती जपतात त्या संस्थांनी, जगभर ही रीत मान्य केली आहे. त्यांच्या सामाईक नियमावलीत मूळ चिठ्ठीतील स्थळवर्णन अक्षरशः उतरवून घेण्यासाठी एक स्वतंत्र रकाना राखून ठेवलेला आहे. ते अक्षरशः उतरवताना शुद्धलेखनसुद्धा सुधारावयाचे नाही! शाळामास्तराच्या हाताला हे जड जाते खरे, पण नियम योग्य आहे.

ह्याच संग्रहालयांनी आणखी एक युक्ती काढली आहे. ती थोडी गणिताची आहे, तथापि अवघड नाही. संगणकाच्या नकाशावर वस्तूचे ठिकाण दाखवावयाचे म्हणजे एक बिंदू द्यावा लागतो, अक्षांश आणि रेखांश. पण चिठ्ठीवर 'नांदेडच्या दक्षिणेस दहा मैल' एवढेच असले तर बिंदू कोठे मांडणार? दहा मैल म्हणजे सुमारे १६ किलोमीटर. ते सरळ रेषेत की गाडीरस्त्याने? नांदेडच्या कोणत्या टोकापासून? आणि 'दक्षिणेस' म्हणजे नेमके दक्षिणेस, की आग्नेय आणि नैर्ऋत्य ह्यांच्या दरम्यान कोठेही? नुसत्या ह्या शेवटच्या शब्दातील संदिग्धता मोजली तरी खरे ठिकाण आपल्या बिंदूपासून १२ किलोमीटर दूर असू शकते. बाकीच्या शंका त्यात मिळवावयाच्या. म्हणून २००४ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशी पद्धत मांडली की, नुसता बिंदू देऊ नये. बिंदूभोवती एक वर्तुळ द्यावे आणि त्या वर्तुळाची त्रिज्या लिहावी. 'वस्तू ह्या वर्तुळात कोठेतरी सापडली' एवढेच विधान आपण करतो, आणि ते खरे असते. 'कंधार गाव' असे असेल तर वर्तुळ लहान, 'कंधार तालुका' असेल तर मोठे, 'दख्खन' असेल तर अर्धा महाराष्ट्र आणि त्यापलीकडचे पुष्कळ व्यापणारे.

वर्तुळ न देता बिंदू दिला तर काय होते, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कोणत्या गावचा हे सांगणाऱ्या कंपन्या असतात. अशा एका कंपनीला ज्या क्रमांकांविषयी 'अमेरिकेत कोठेतरी' ह्यापलीकडे काही ठाऊक नव्हते त्यांना तिने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला, ३८ अक्षांश आणि ९७ रेखांश, असा सोयीचा पूर्णांक. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराच्या अंगणात पडला. सुमारे साठ कोटी क्रमांक त्या अंगणात जमा झाले, आणि देशभरातील चोऱ्या, फसवणुकी, हरवलेली माणसे ह्यांचा शोध घेत पोलीस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या निरपराध घराच्या दारात येत राहिले. २०१६ साली हे उघडकीस आले तेव्हा कंपनीने बिंदू उचलून एका सरोवरात ठेवला. 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय यंत्रात नव्हती, त्याचे हे फळ. रकाने रिकामे राहिले म्हणून यंत्राने शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरले, आणि वस्तू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात भर समुद्रात दिसू लागल्या, असेही घडते. त्यात निदान चूक ताबडतोब डोळ्यांत भरते. कंदाहारच्या नावावर गेलेली कंधारची कट्यार कोणाच्या डोळ्यांत भरणार?

आपल्याला ह्या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरात तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. खेड्यातील बाप मुलाला घेऊन शाळेत येई. जन्मतारीख विचारली तर 'पेरणीच्या वेळी झाला', 'मोठा पूर आला त्या साली' असे सांगे. रजिस्टरात तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही हवेत. मग गुरुजी पोराच्या अंगलटीवरून वर्षाचा अंदाज करीत आणि तारीख लावीत, १ जून. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेली माणसे किती, हे मोजू गेल्यास निसर्गाचा काही अद्भुत नियम सापडल्यासारखे वाटेल. त्या तारखेवर माणसे नोकरीस लागली आणि त्या तारखेवर निवृत्त झाली. 'पेरणीच्या वेळी' ही बापाची माहिती खरी होती, ती मात्र कोठेच राहिली नाही. संग्रहालयांच्या बाबतीत आता हेच व्हावयाचे नसेल तर बापाचे शब्द प्रथम लिहून घेतले पाहिजेत, आणि गुरुजींचा अंदाज त्यापुढे, अंदाज म्हणून.

अंदाज लिहूच नये असे मात्र मी म्हणणार नाही. काही सावध मंडळी शंका आली की 'अज्ञात' असे लिहून मोकळी होतात. हा दुसरा अतिरेक होय. 'अज्ञात' लिहिलेली वस्तू कोणाच्याच शोधात सापडत नाही. अंदाज जरूर लिहावा, फक्त त्याच्यासोबत तीन गोष्टी असाव्यात: तो कोणी केला, केव्हा केला, आणि कशावरून केला. लातूरच्या नावाची कथा ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. राष्ट्रकूट राजे आणि रट्ट सरदार स्वतःला 'लट्टलूर' नगराचे अधिपती म्हणवितात. हे नगर कोणते? फ्लीट ह्या इंग्रज पंडिताने प्रथम मध्यप्रांतातील बिलासपूरकडचे रतनपूर सुचविले. पुढे अधिक विचारांती त्यानेच ते मत सोडून लातूर हे नाव मान्य केले, आणि आज बहुतेक सर्व अभ्यासक तेच मानतात. त्याने पहिले मत कारणांसह छापले होते, म्हणून कारणे तपासता आली आणि मत बदलता आले. कारण न देता नुसते 'रतनपूर' असे एखाद्या कोष्टकात भरलेले असते, तर ते कोणी आणि कशाच्या बळावर खोडले असते?

लॉस एंजेलिस येथील गेटी संस्थेने जगातील स्थलनामांचा एक मोठा कोश संगणकावर ठेवला आहे. त्यात प्रत्येक स्थळाला स्वतंत्र क्रमांक असून त्याची जुनी, नवी, परभाषांतील नावे त्या क्रमांकाखाली एकत्र केलेली असतात. असा क्रमांक लावला म्हणजे कंधार आणि कंदाहार ह्यांचा गोंधळ कायमचा मिटतो. पण तो कोणत्या क्रमांकाचे कंधार हे ठाऊक असेल तेव्हाच! क्रमांक मोठा रुबाबदार दिसतो. त्याच्यापुढे 'बहुधा' वा 'शक्यतः' असा शब्द लावण्याची सोय व्यवस्थेत नसेल, तर क्रमांक न लावणे बरे.

तर मग आरंभीच्या त्या कट्यारीची नोंद कशी व्हावी? मला विचाराल तर अशी: चिठ्ठीवरील शब्द, फारसी लिपीत, जसाच्या तसा, 'कंधार', चिठ्ठी कोणाच्या हातची, ठाऊक नाही. सापडल्याचे ठिकाण, ठाऊक नाही. मिळविल्याचे ठिकाण, वहीत असेल ते, समजा हैदराबाद. घडविल्याचे ठिकाण, मुठीच्या घाटावरून बहुधा दख्खन, असे अमुक तज्ज्ञाचे अमुक वर्षीचे मत. आणि चिठ्ठीतील गाव कोणते ह्याविषयी: नांदेड जिल्ह्यातील कंधार असणे अधिक संभवनीय, कारण वस्तू दख्खनी घाटाची असून हैदराबादेस विकत घेतली, अफगाणिस्तानातील कंदाहार असणे अशक्य नाही. नोंद लांब झाली खरी. पण शोधणाऱ्याने दोहोंपैकी कोणतेही गाव विचारले तरी वस्तू त्याच्यापुढे येईल, आणि पुढच्या पिढीच्या विद्वानाला काय माहीत होते व काय तर्काने लिहिले होते हे वेगळे दिसेल.

हे सारे संग्रहालयांचे काम, आमच्याशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संबंध असा की, संग्रहालयातील पुष्कळशा वस्तू आपल्यासारख्यांच्या घरांतूनच गेलेल्या असतात. माळ्यावरच्या पेटीत एखादी पोथी, तांब्याचा पंचपात्र, बिदरी कामाचा पानदान, आजीची वाकी असते. ती कोठून आली हे घरातील एखाद्याच वृद्ध माणसाला ठाऊक असते, आणि तो गेला की ते ज्ञान जाते. तेव्हा आजच विचारून ठेवावे, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. 'आजोबांनी हैदराबादेहून आणले' एवढेच कळले तर तेवढेच लिहावे. पण हैदराबाद दक्षिणेतले की सिंधमधले, हेही विचारून घ्यावे, कारण दोन्हीकडे आपली माणसे नोकरीनिमित्त होती. सांगणाराचे नाव आणि लिहिल्याची तारीख घालावी. कागद वस्तूला डिंकाने चिकटवू नये, त्याने डाग पडतो. जाड सुती दोऱ्याने सैल बांधावा, किंवा पोथी असेल तर तिच्या बासनात ठेवावा. शिसपेन्सिलीने लिहिलेले ओल लागली तरी फुटत नाही, शाईचे फुटते. आणि जुनी चिठ्ठी आधीच बांधलेली असेल, तिचे अक्षर लागत नसेल, तरी ती फेकून देऊ नये. आपली नवी चिठ्ठी तिच्याशेजारी बांधावी.